शकुंतलेला चबुतरा नको

नागपूरहून हैदराबादच्या दिशेनं निघालेल्या गाडीला तीसेक किलोमीटरवर बुटीबोरी लागते. राष्ट्रीय महामार्ग ४४ इथून सरळ खाली हिंगणघाटकडे उतरतो. उजवीकडे वर्ध्याचा रस्ता फुटतो आणि तोच पुढं यवतमाळ, नांदेड, लातूर करत तुळजापूरला पोचतो. डाव्या अंगाला उमरेड. बुटीबोरी म्हटलं की लोकांना एमआयडीसी आठवते, पाळ्यांचे भोंगे आणि ट्रकांच्या रांगा आठवतात. रेल्वे कुणाला आठवत नाही. वास्तविक हेही एक जंक्शनच आहे. नागपूर-वर्धा मुख्य मार्गावरून उमरेडच्या कोळशासाठी काढलेला फाटा इथूनच सुटतो. तेव्हा सुटीच्या दिवशी गाडी काढून मुलांना कोळशाचं इंजिन दाखवायचं असं एखाद्या कुटुंबानं ठरवलं, तर त्यांनी या चौकातून कुठं वळावं, हा प्रश्न वाटतो तितका पोरकट नाही. उत्तरेला वळलं तर इंजिन दिसेल, पण ते हलणार नाही. उमरेडकडे वळलं तर जिथं छोटी लाइन होती ती जागा दिसेल. यवतमाळकडे वळलं तर रूळ दिसतील, गाडी दिसणार नाही. एकेकाळी छोट्या लायनींनी विणलेल्या या मुलखात आज धुराची एकही आगगाडी उरलेली नाही. ती असायला हवी होती, आणि अजूनही थोडी का होईना असू शकते, असं माझं म्हणणं आहे.

आधी उत्तरेकडचं पाहू. नागपुरात कडबी चौकाजवळ मोतीबागेत नॅरोगेज रेल्वेचं संग्रहालय आहे. १४ डिसेंबर २००२ रोजी ते उघडलं. बंगाल नागपूर रेल्वेनं सातपुड्यात जे अडीच फुटी जाळं पसरवलं होतं, त्याची इंजिनं, डबे, सिग्नल, कंदील, टेलिफोन असा ऐवज इथं गोळा केला आहे. अडीच फूट म्हणजे ७६२ मिलिमीटर. घरातल्या एका साध्या दाराची रुंदी. एवढ्याशा रुळांवरून नागपूरहून छिंदवाडा, तिथून नैनपूर, नैनपूरहून एकीकडे जबलपूर, दुसरीकडे मंडला आणि तिसरीकडे गोंदिया, असं हजारएक किलोमीटरचं जाळं होतं. डोंगराळ भागात अरुंद रूळ घालण्यामागं साधा हिशेब होता. गेज लहान असलं की वळण तीव्र घेता येतं; वळण घेता आलं की डोंगर फोडायचा खर्च वाचतो; रूळ हलका, पूल हलका, स्लीपर आखूड. जिथं रोज एक-दोन गाड्यांपुरतीच माणसं आणि माल होता, तिथं हीच रेल्वे परवडत होती. मोतीबागेनं या जाळ्याच्या खुणा भंगारवाल्याच्या हाती पडण्याआधी वाचवल्या, याबद्दल तिचे आभारच मानायला हवेत. पुढं येणारी टीका त्या संग्रहालयावर नाही. टीका आहे ती ‘संग्रहालय केलं, आता जतन झालं’ असं म्हणून हात झटकण्याच्या आपल्या सवयीवर.

वाफेचं इंजिन ही वस्तू म्हणून जपण्याजोगी चीज नाही, ती एक चाललेली क्रिया आहे. थंड पडलेलं इंजिन तासाभरात निघत नाही. भट्टीत आधी लाकडं, मग थोडा थोडा कोळसा, असं तासन् तास तापवत आणावं लागतं. घाई केली तर भट्टीचे आणि बॉयलरचे पत्रे असमान प्रसरण पावून सांधे सुटू लागतात. पाणी किती आहे ते फूटप्लेटवरच्या काचेच्या नळीत दिसतं, आणि फायरमनचा अर्धा जीव त्या नळीत असतो. पातळी इतकी खाली गेली की भट्टीचं छत उघडं पडलं, तर छतात बसवलेली शिशाची डाट वितळते, वाफ भट्टीत घुसते आणि आग विझवते. ही शेवटची राखण. कोळसा टाकणं म्हणजे ढीग ओतणं नव्हे. फावडंभर कोळसा भट्टीत पातळ पसरायचा, कोपऱ्यांत थोडा जास्त, आणि पुन्हा पुन्हा. धुराड्यातून काळाकुट्ट धूर निघाला की फायरमन खूष व्हायचा, असं चित्रपटांमुळं वाटतं. खरा फायरमन त्या धुराकडे पाहून वरमायचा, कारण काळा धूर म्हणजे न जळता उडालेला कोळसा. दोन सिलिंडरांचं इंजिन चाकाच्या एका फेऱ्यात चार सुस्कारे सोडतं. ते चारही सारखे नसले तर व्हॉल्व्हची वेळ चुकली आहे, हे जुना ड्रायव्हर कानानं सांगायचा. आता हेच इंजिन चबुतऱ्यावर चढवून, काळ्या ऑइलपेंटचे हात देऊन, पितळी पाटी लावून ठेवलं की यातलं काय राहतं? नावं राहतात, क्रियापदं जातात. शिवाय चबुतऱ्यावरचं इंजिन टिकतं, हाही भ्रमच. उघड्यावरच्या बॉयलरच्या नळ्यांत ओल धरते, पत्रा आतून खायला लागतो, आणि बाहेरचा रंग जितका चकचकीत तितकं आतलं गंजणं उशिरा कळतं.

म्हणून रेल्वे जपायची तर ती धावती जपली पाहिजे, आणि धावती जपायची तर तिच्या रुळांसकट, वळणांसकट, स्टेशनासकट. यावर पहिला आक्षेप जो येतो तो वजनदार आहे. हे सारं शहरी माणसाचं स्मरणरंजन आहे, असं खेड्यातला माणूस म्हणेल, आणि त्याला ते म्हणायचा हक्क आहे. नागपूर-नागभीड ही छोटी लाइन १९०८ पासून होती. कुही, उमरेड, भिवापूर अशी गावं जोडत ती शंभरेक किलोमीटर जायची आणि त्याला दिवसाचा मोठा भाग खायची. नोव्हेंबर २०१९ मध्ये ती रुंदीकरणासाठी बंद झाली. नागपूर-छिंदवाड्याची त्याआधी २०१५ च्या अखेरीस झाली होती, आणि तिथं आता ब्रॉडगेज गाड्या धावतात. इस्पितळासाठी, कॉलेजसाठी, बाजारासाठी नागपूर गाठणाऱ्याला ताशी वीस-पंचवीस किलोमीटरच्या गाडीत बसून ‘वारसा’ उपभोगायला सांगणं हा उद्धटपणा झाला. रुंदीकरण ही काही आजची लहरही नाही. नागपूरची पूर्वेकडची पहिली रेल्वे, नागपूर-छत्तीसगड रेल्वे, १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला मीटरगेज म्हणून राजनांदगावपर्यंत गेली; १८८७ मध्ये बंगाल नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली, तिनं ती लाइन घेतली आणि ब्रॉडगेज करून टाकली. रूळ रुंद होत जाणं हा रेल्वेचा स्वभावच आहे. तेव्हा ‘छोट्या लायनी तोडू नका’ असं कुणी म्हणत असेल तर तो वकील माझा नाही.

पण या आक्षेपातून जो निष्कर्ष काढला जातो तो चुकीचा आहे. ‘लोकांना ब्रॉडगेज हवं’ यावरून ‘छोटी लाइन संपूर्ण उखडली पाहिजे’ हे निघत नाही. वारसा म्हणून शंभर किलोमीटर लागत नाहीत, दहा पुरतात. वेल्समधली टॅलिलिन रेल्वे हे याचं सर्वांत जुनं उदाहरण. पाटीच्या दगडाच्या खाणीसाठी १८६५ मध्ये बांधलेली, सवादोन फुटी, सुमारे साडेअकरा किलोमीटरची ही लाइन. खाण बंद पडली, मालक वारला, आणि लाइन भंगारात जाणार असं दिसल्यावर १९५० मध्ये हौशी लोकांनी संस्था काढली. १४ मे १९५१ ला त्यांनी स्वतःच्या हातानं गाडी सोडली. स्वयंसेवकांनी चालवलेली जगातली पहिली रेल्वे म्हणून ती ओळखली जाते, आणि अजून चालू आहे. परदेशाचं उदाहरण नको असेल तर आपल्या शेजारी इंदूरकडे पाहा. खांडवा-इंदूर ही लाइन होळकरांची. तुकोजीराव होळकरांनी १८७० मध्ये तिच्यासाठी इंग्रज सरकारला एक कोट रुपयांचं कर्ज दिलं होतं, साडेचार टक्के व्याजानं, एकशे एक वर्षांच्या मुदतीवर. (संस्थानिक उधळे असतात असं म्हणणाऱ्यांनी हा व्यवहार नीट वाचावा.) त्या मीटरगेजचं रुंदीकरण आलं तेव्हा पातालपानी ते कालाकुंड हा साडेनऊ किलोमीटरचा घाट वेगळा काढला गेला आणि २५ डिसेंबर २०१८ पासून तिथं वारसा गाडी सुरू झाली. धबधबा, बोगदे, दरी. इंदूरचा माणूस सकाळी मोटार काढतो, गाडीत बसतो, संध्याकाळी घरी. गाडी डिझेलची आहे, वाफेची नाही, एवढी उणीव. पण तत्त्व सिद्ध झालं आहे.

आणखी एक उदाहरण मराठी माणसाच्या जिव्हाळ्याचं आहे. भारतातली पहिली नॅरोगेज रेल्वे बडोद्याच्या गायकवाडांची: डभोई ते मियागाम, १८६२, सुरुवातीला बैलांनी ओढलेली. २०१८ मध्ये रेल्वेनं गुजरातेतल्या पाच नॅरोगेज लायनी, एकूण २०४ किलोमीटर, रुंदीकरणातून वगळून जपायच्या ठरवल्या. त्यांत हीच डभोई-मियागाम आहे, आणि डांगच्या जंगलात शिरणारी बिलिमोरा-वघईही आहे. म्हणजे धोरण म्हणून ‘काही छोट्या लायनी ठेवाव्यात’ हे रेल्वेनं तत्त्वतः मान्य केलंच आहे. महाराष्ट्रात नेरळ-माथेरानची लाइन, आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबानं १९०७ मध्ये पुरी केलेली, पावसानं वाहून गेली तरी पुन्हा पुन्हा उभी केली जाते, कारण मुंबईची माणसं तिथं जातात आणि ओरडतात. विदर्भाच्या वाट्याला यातलं काही आलं नाही, कारण आम्ही मागितलं ते फक्त रुंदीकरण. मागणी रास्त होती, अपुरी होती.

आता उजवीकडच्या रस्त्यानं जाऊ. बुटीबोरीहून वर्धा, देवळी, कळंब करत यवतमाळ सव्वाशेच्या आतबाहेर किलोमीटर. इथं ‘शकुंतला’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या छोट्या लायनीचं एक टोक आहे. मुर्तिजापूर या मुंबई-नागपूर मार्गावरच्या स्टेशनातून दोन अडीच फुटी फांद्या फुटतात: खाली कारंजा, दारव्हा करत यवतमाळपर्यंत ११३ किलोमीटर, आणि वर अचलपूरपर्यंत ७६. पहिली १९०३ ची, दुसरी १९१३ ची. तिसरी, पुलगाव-आर्वी, ३५ किलोमीटर, १९१७. तिन्ही वऱ्हाडच्या कापसासाठी. कापसाच्या गाठी या डब्यांतून मुर्तिजापूर किंवा पुलगावला, तिथून मोठ्या गाडीनं मुंबईला, आणि मुंबईहून बोटीनं इंग्लंडला. १९२१ मध्ये मँचेस्टरला घडवलेलं झेडडी वर्गाचं इंजिन इथं सात दशकं राबलं आणि १५ एप्रिल १९९४ ला डिझेलनं त्याची जागा घेतली. पांढरं सोनं ज्या शहरातल्या गिरण्यांकडे जात होतं, तिथूनच ते ओढून नेणारं इंजिन आलं; एवढा उघड हिशेब इतिहासाच्या पुस्तकातही सहसा सापडत नाही. मालकीची गोष्टही मजेशीर. स्वातंत्र्यानंतर रेल्वे कंपन्या सरकारनं आपल्याकडे घेतल्या, पण ही लाइन सुटली. रूळ सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीचे, जिच्यामागं मुंबईची किलिक निक्सन ही पेढी होती. गाड्या चालवायच्या सरकारी रेल्वेनं. त्यावरून ‘भारतात अजून एक ब्रिटिश रेल्वे आहे’ अशा बातम्या दरवर्षी नेमानं छापून यायच्या. किलिक निक्सन पुढं भारतीय हातांत आली, हे त्या बातम्यांत बहुधा खालच्या ओळीत असायचं किंवा नसायचंच.

शकुंतला हे नाव लोकांनी ठेवलेलं, आणि ज्या जिव्हाळ्यानं ते घेतलं जातं तो जिव्हाळा गाडीच्या कामगिरीवर अवलंबून नव्हता. ती रखडत चालायची. मोजकी माणसं सगळी कामं करायची. फाटक आलं की गाडी थांबायची, कुणी उतरून फाटक लावायचं, गाडी पुढं सरकायची, मग फाटक उघडून तोच माणूस पुन्हा डब्यात. एसटीची लाल गाडी त्याच गावाला निम्म्या वेळात पोचवू लागल्यावर शकुंतलेत बसणारे कोण उरले? ज्यांना एसटीचं तिकीट परवडत नव्हतं ते. २०१६ मध्ये तिच्या रुंदीकरणाला मंजुरी मिळाली, खर्चाचा आकडा दीड हजार कोटींचा जाहीर झाला. त्यानंतर गाड्या एकेक करत बंद झाल्या आणि रूळ तिथंच राहिले. ना मेली, ना जिवंत. या अवस्थेतल्या वस्तूचं काय होतं हे सांगायला नको: बाभळी रुळांत उगवतात, फिशप्लेटी आणि बोल्ट रात्री नाहीसे होतात, प्लॅटफॉर्मवर शेणाच्या गोवऱ्या वाळतात. नाव घेणारे रडतात आणि रूळ उचलणारे उचलतात. दोघं एकाच गावचे असतात.

माझी सूचना अशी की शकुंतलेचं रुंदीकरण होऊ द्यावं, आणि त्यातच कारंज्याजवळचा आठ-दहा किलोमीटरचा तुकडा अडीच फुटी ठेवून त्यावर खरं कोळशाचं इंजिन चालवावं. कारंजाच का, याला कारण आहे. अचलपूर, मुर्तिजापूर आणि यवतमाळ ही टोकं आहेत. तिथं रोजचा उतारू लागतो, आणि उतारूला ब्रॉडगेज हवं. यवतमाळला तर वर्धा-यवतमाळ-नांदेड या नव्या ब्रॉडगेजची वाट वेगळी आहेच. कारंजा मधोमध आहे, आणि तिथं माणसं आधीपासून येतात. नृसिंह सरस्वतींचं ते जन्मस्थान. गुरुमंदिरात वर्षभर दत्तभक्तांची रीघ असते. जैन मंदिरं आणि जुन्या हस्तलिखितांची भांडारं गावात आहेत. आणि आता समृद्धी महामार्गही कारंज्याजवळून जातो. नागपूरजवळच्या शिवमडक्यापासून सुरू होणारा हा ७०१ किलोमीटरचा रस्ता ११ डिसेंबर २०२२ ला शिर्डीपर्यंत आणि ५ जून २०२५ ला शेवटपर्यंत खुला झाला. या रस्त्यावरची एक तक्रार सगळ्यांची आहे: सरळसोट, एकसुरी, डोळे तारवटवणारा, थांबावं असं काही नाही. बुटीबोरीहून निघालेल्या माणसाला तर दोन वाटा आहेत, एक समृद्धीनं थेट कारंज्याला, दुसरी यवतमाळवरून दारव्ह्याकडून. जाताना एक, येताना दुसरी, असा दिवसाचा फेरा सहज होतो.

यात एक उपरोध आहे आणि तो मला आवडतो. छोट्या लायनींना मारलं ते रस्त्यानं. एसटी, ट्रक, मग घरोघरची मोटारसायकल. पण ज्या ज्या जुन्या रेल्वे जगभरात आज चालतात, त्यांचे उतारू मोटारीनंच येतात. गाडी पार्किंगला लावायची, तिकीट काढायचं, दहा किलोमीटर जाऊन परत यायचं, चहा-भजी खायची. वारसा रेल्वे कुणाला कुठं पोचवत नाही. ज्यांना कुठंही पोचायची घाई नाही अशांना ती बसवून घेते, आणि अशी माणसं रस्त्यानंच येणार. म्हणून अशी रेल्वे कुठं चालेल याचा नकाशा काढताना रेल्वेचा नकाशा बाजूला ठेवून महामार्गांचा घ्यायला हवा. चार महामार्ग जिथं गुंफले जातात त्या नागपूर-बुटीबोरीपासून सकाळच्या चहाच्या अंतरावर अशी गाडी असेल, तर ती रिकामी धावणार नाही, असं म्हणायला फार धाडस लागत नाही.

तरी ती तोट्यात जाईल, असं कुणी म्हणेल. तिकिटावर निखळ नफा कमावणं कठीण आहे, हे मान्य. डोंगरी रेल्वेसुद्धा तोट्यात चालतात, दार्जिलिंगपासून माथेरानपर्यंत. १९९९ मध्ये युनेस्कोनं दार्जिलिंगला जागतिक वारशात घेतलं म्हणून तिचा ताळेबंद सुधारला नाही. पण तोटा कशाशी तुलना करून मोजायचा? बागा तोट्यात असतात, वाचनालयं तोट्यात असतात, अजिंठ्याच्या लेण्यांची देखभाल तिकिटांतून निघते का, हे कुणी विचारत नाही. प्रश्न तोटा आहे का हा नसून तो आटोक्यात आहे का हा आहे, आणि दहा किलोमीटरच्या लायनीवर शनिवार-रविवारी धावणाऱ्या एका इंजिनाचा तोटा आटोक्यात राहतो. शंभर किलोमीटरच्या, रोज चार फेऱ्यांच्या लायनीचा राहत नाही. इथंच माझा आणि ‘सगळी छोटी लाइन जपा’ म्हणणाऱ्यांचा रस्ता वेगळा होतो.

जागेचा प्रश्न तांत्रिक आहे आणि त्याला तांत्रिक उत्तर आहे. रुंदीकरणाला जुन्याच रुळांची जमीन लागणार, मग तुकडा कुठून काढायचा? अडीच फुटी गाडी जे वळण लीलया घेते ते साडेपाच फुटी गाडीला जमत नाही. म्हणून रुंदीकरणात मार्ग सरळ करावा लागतो, आणि सरळ करताना जुन्या मार्गाची काही वळणं बाहेर पडतात, जमिनीसकट. पातालपानीला घाटाचं असंच झालं. ही बाहेर पडलेली वळणं आराखडा काढतानाच ओळखून राखून ठेवायची, एवढंच काम आहे. नंतर मागितली तर तिथं गोदाम उभं असतं.

धुराबद्दलही बोलायला हवं, कारण कोळसा हा शब्द आज कानाला चांगला लागत नाही. वाफेचं इंजिन कोळशातल्या ऊर्जेचा दहावा हिस्साही चाकांपर्यंत पोचवत नाही. यंत्र म्हणून ते अव्वल उधळं, आणि रेल्वेनं ते सोडलं हे योग्यच केलं. पण बुटीबोरीच्या चौकात उभं राहून याविषयी फार कळवळा दाखवणं जरा कठीण आहे. ज्या उमरेडच्या फाट्याचा उल्लेख सुरुवातीला केला त्यावरून कोळशाच्याच वाघिणी येतात, आणि मुख्य मार्गावर विजेवर सुसाट जाणारी गाडीही बऱ्याच अंशी कुठल्यातरी औष्णिक केंद्रातल्या कोळशावर धावते. आठवड्यातून दोन दिवस धावणाऱ्या एका छोट्या इंजिनाच्या फावड्यांचा हिशेब या डोंगरापुढं कुठं बसतो? इतकं करून धूर नकोच असेल तर निलगिरी रेल्वेनं तेलावर चालणारी वाफेची इंजिनं वापरली आहेत, मार्ग आहे.

एक मार्ग मात्र नको, आणि तो फारच लोकप्रिय होऊ पाहतो आहे: नकली वाफ. ३१ ऑक्टोबर २०२३ ला गुजरातेत एकतानगर-अहमदाबाद अशी वारसा गाडी सुरू झाली; तिचं इंजिन विजेचं, तोंडावळा मात्र वाफेच्या इंजिनाचा. गाडी सुखाची असेल, लोक बसतही असतील, त्याला हरकत नाही. पण धुराडं आहे आणि भट्टी नाही, अशा वस्तूला वारसा म्हणणं म्हणजे फेटा बांधलेल्या पुतळ्याला पाहुणा म्हणणं. मुलाला तिथं काय कळणार? पाणी तापलं की वाफ होते, वाफ जागा मागते, ती दट्ट्याला ढकलते, दट्ट्या दांड्याला आणि दांडा चाकाला, हा सातवीच्या पुस्तकातला धडा वाफेच्या इंजिनात उघडा डोळ्यांसमोर घडतो. दुसऱ्या कुठल्याही मोठ्या यंत्रात तो इतका उघडा नाही. मोटारीचं बॉनेट उघडून काही दिसत नाही, विजेच्या इंजिनात तर एक पेटी आणि गुंजन. इथं सांधे, दांडे, तेलाचे थेंब, सगळं बाहेर. नेमकं हेच नकली इंजिनात गाळलेलं असतं.

सर्वांत अवघड आक्षेप मात्र पैशाचा नाही, धुराचाही नाही. तो मनाचा आहे. ही लाइन वऱ्हाडचा कापूस उपसून न्यायला घातली, शेतकऱ्याच्या हाती कर्ज ठेवून गेली. यवतमाळ जिल्ह्याचं नाव गेल्या पंचवीस वर्षांत देशभर कशासाठी घेतलं गेलं हे सर्वांना ठाऊक आहे. तिथं आगगाडीची जत्रा भरवायची? हा प्रश्न टाळून पुढं जाता येणार नाही. माझं उत्तर असं: रूळ पुसले म्हणून तो इतिहास पुसला जात नाही, फक्त त्याचा पुरावा जातो. गुळगुळीत, शिट्टी वाजवणारी, गुलाबी रंगाची मौजेची गाडी नको, हे मलाही मान्य आहे. पण ज्या डब्यात गाठी भरल्या जात त्या डब्यात बसून, त्या काळी कापसाला शेतकऱ्याला काय मिळे आणि मँचेस्टरला काय मिळे हे भिंतीवर वाचत, त्याच वेगानं मुर्तिजापूरच्या दिशेला सरकणारी शाळेची एक तुकडी, हे चित्र जत्रेचं नाही. कारंज्याचं स्टेशन हे कापसाच्या इतिहासाचं स्थानिक दालन होऊ शकतं, ज्याच्या दाराशी गाडी लागते. मोतीबागेत हे करता येत नाही, कारण मोतीबागेला कापूस नाही. कारंज्याच्या बाजाराला आहे.

इंजिन कुठून आणायचं, हा प्रश्न वाटतो तितका मोठा नाही. दिल्लीजवळ रेवाडीला रेल्वेनं वाफेची शेड जतन केली आहे, १८५५ सालची ‘फेअरी क्वीन’ १९९७ मध्ये पुन्हा रुळावर आणली, आणि तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक कारखान्यानं तर या शतकात निलगिरीसाठी कोरी वाफेची इंजिनं बांधली. अडीच फुटी इंजिनं संग्रहालयांत उभी आहेत. बॉयलर बदलून त्यांतलं एखादं उठवता येतं किंवा नवं घडवता येतं. लोखंड सोपं आहे. अवघड आहे ते हात. भारतातल्या ब्रॉडगेजवरची वाफ डिसेंबर १९९५ मध्ये संपली, शकुंतलेवरची त्याच्या वीसेक महिने आधी. १९९४ मध्ये विशी-पंचविशीत असलेला मुर्तिजापूरचा फायरमन आज पन्नाशी ओलांडून साठीकडे झुकलेला असणार, आणि तेव्हा चाळिशीत असलेला त्याचा ड्रायव्हर पंचाहत्तरीच्या आसपास. असे ड्रायव्हर निवृत्त आहेत, घरी आहेत, पेन्शन घेतात, संध्याकाळी पारावर बसतात. बॉयलरमधून कुठला आवाज आला की काळजी करायची आणि कुठला आला की करायची नाही, चढ यायच्या किती आधी फावडं हाती घ्यायचं, पावसाळ्यात ओला कोळसा कसा पेटवायचा, हे त्यांना सांगता येणार नाही कदाचित, पण एखाद्या तरुणाच्या हातात फावडं देऊन ते करून दाखवतील. त्यासाठी पेटलेली भट्टी लागते. रुंदीकरणाचा आराखडा मंजूर होऊन नवे रूळ पडायला जितकी वर्षं लागतील, तितकी त्या ड्रायव्हराकडे आहेत असं कोणतंही सरकारी वेळापत्रक सांगू शकत नाही.